पावसाळ्यात बांबूचे तुकडे आणि रूटिंग पावडर: हे शिकवतंय कोण?

काठीवाला: "जून-जुलैत कुठल्याही बांबूचे तुकडे करा, टोक रूटिंग पावडरीत बुडवा, उभे खोचा, सगळे जगतात." ही पोस्ट सगळीकडे फिरतेय, म्हणून लिहितो. बांबूची मुळं कापल्या टोकातून फुटत नाहीत, गाठीतून फुटतात. गुलाबासारखी टोकाला पावडर फासून उपयोग शून्य. एक-दोन वर्षांची काठी घ्या, दोन गाठींचे तुकडे करा. मधल्या पेराला भोक पाडून एनएए या मुळं फुटवणाऱ्या हार्मोनचं १०० पीपीएम द्रावण (लिटरला १०० मिलिग्रॅम, आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून) १०० मिली ओता. भोक प्लॅस्टिकने घट्ट बांधा, ते वर ठेवून तुकडा गादीवाफ्यात आडवा, वर बोटभर माती. हे मार्च ते मे. पावसात काठीतला अन्नसाठा बेटाच्या नव्या कोंबांकडे गेलेला असतो.

विदर्भी: एप्रिलमध्ये वाफ्याला रोज दोन वेळा पाणी कोण मारणार, तुम्ही? विहिरीला तळ दिसतो तेव्हा. नर्सरीवाल्यांची पद्धत शेतकऱ्याच्या माथी मारू नका. पिवळा शोभेचा बांबू भर पावसात, हार्मोनशिवाय लागतो.

काठीवाला: तो लागतो, मान्य. म्हणून सगळेच लागतात का? मेस जातीचा बांबू लावून दाखवा तसा. तीन आठवड्यांत कोंब येतो, लोक फोटो टाकतात; तो कोंब काठीतल्या साठ्यावर जगतोय. दोन महिन्यांनी उपटून बघा, खाली मूळ नाही. तो सुकला की फोटो कोणी टाकत नाही.

सह्याद्रीकर: तुमच्या पद्धतीतही भोक आहे, साहेब. माणगा जातीचा बांबू बुडाकडे जवळपास भरीव, मेसही बऱ्याचदा भरीव. १०० मिली ओतणार कुठे, कपाळावर?

काठीवाला: भरीव काठीला गाठी २४ तास द्रावणात बुडवून ठेवायच्या. तरी यश कमीच, हे लिहायला हवं होतं. घ्या.

सह्याद्रीकर: त्यापेक्षा माणग्याला पावसाच्या तोंडावर कंदासकट काठी काढून लावा. बी जवळपास मिळतच नाही, त्यामुळे पिढ्यान्पिढ्या असंच चाललंय.

नवा_माळी: तुकड्यापासून केलेलं रोप म्हणजे नवं आयुष्य ना? मेस फुलून मरायला अजून ३०-४० वर्षं.

विदर्भी: अजिबात नाही! तुकडा बेटाचं वय घेऊन येतो. बेट फुलोऱ्याच्या जवळ असेल तर रोपंही लवकरच फुलणार आणि मरणार. रोपं विकणाऱ्याला मातृबेटाचं वय विचारा, बघा कसा विषय बदलतो. अनुदानाच्या कागदावर बांबूची जात लिहितात, वय नाही.

नवा_माळी: मग टिश्यू कल्चर?

विदर्भी: जुन्या बेटाचा डोळा वाढवला तर तेच वय, फक्त बाटलीत. मेसचं बी मिळालं तर बीच पेरा आणि ताजं पेरा, उगवण लवकर घसरते.

सह्याद्रीकर: धागा हार्मोनचा होता ना?

विदर्भी: वय चुकलं तर हार्मोन काय करणार?

काठीवाला: बरं, निदान काठीचं वय तरी नीट बघा. पेरावर पांढरी भुकटी, खोळ (काठीवरचं आवरण) चिकटलेली म्हणजे यंदाची. खोळ गळून काठी हिरवी असेल तर कापा. शेवाळाचे ठिपके आले असतील तर सोडा, तिचे डोळे आळसावलेत. विदर्भींना पाणी नसेल तर फेब्रुवारीअखेरीस शेडनेटखाली लावा, वर पेंढा टाका.

विदर्भी: शेडनेटचा खर्च तुमच्या खात्यातून, मग विचार करू.