फर्निचरचा वास डोळ्यांत झोंबतो, आणि आपण घाबरतो माशांना

मांजराकाठ (लातूर)

लातुरात फ्लॅटचा ताबा मिळाला की महिनाभरात सुतार घरात शिरतो आणि दिवाणखान्यापासून देवघरापर्यंत सगळं प्लाय नाहीतर एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्या). वास्तुशांतीच्या जेवणाला गेलं की मुलांच्या खोलीत डोळे झोंबतात, घसा खवखवतो. यजमान म्हणतात, नवं फर्निचर आहे, जाईल वास. माझं एवढंच म्हणणं आहे की त्या खोलीत लेकरं झोपवायची घाई करू नका.

बहुतेक स्वस्त मालात भुसा किंवा लाकडाचे पापुद्रे चिकटवायला युरिया-फॉर्मल्डिहाइडचा रेझिन, म्हणजे गोंद, असतो. ओलावा आणि उष्णता मिळाली की तो हळूहळू फुटतो आणि फॉर्मल्डिहाइड हा झोंबणारा वायू सुटत राहतो, महिनोन्‌महिने, काही मालातून वर्षानुवर्षं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. घरातल्या हवेसाठी याच संघटनेनं २०१० मध्ये मर्यादा दिली: अर्ध्या तासाच्या सरासरीनं घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम.

दुकानदार 'ई-वन' शिक्का दाखवतो, म्हणजे माल कमी वायू सोडणारा. ती युरोपची चाचणी २३ अंश तापमानाला होते. मे महिन्यात लातुरात २३ अंश म्हणजे महाबळेश्वरच! आपल्याकडे पारा ४२ वर, ऊन आत येऊ नये म्हणून दिवसभर खिडक्या बंद, आणि उष्णतेनं वायू सुटण्याचा वेग वाढतो. तिथला शिक्का इथल्या बंद खोलीची हमी कशी देणार?

२०१८ मध्ये गोव्यात माशांतल्या फॉर्मेलिनवरून (पाण्यात विरघळवलेलं फॉर्मल्डिहाइडच ते) गदारोळ झाला, तेव्हा आमच्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी बर्फातली मासळी सोडली. तेच लोक रात्री दारं-खिडक्या लावून डासांची कॉइल पेटवतात. २००३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारं फॉर्मल्डिहाइड ५१ सिगारेटींएवढं असू शकतं, असं आढळलं होतं. मासळीवर बहिष्कार आणि उशाशी कॉइल, हे मला कळत नाही.

तराजू (परभणी)

कॉइलबद्दल सहमत. बाकी धाग्यावर, म्हणजे तुमच्या या पोस्टवर, आक्षेप आहे.

तो 'पहिला गट' काय सांगतो? पदार्थानं कर्करोग होऊ शकतो याचा पुरावा किती पक्का, एवढंच. किती मात्रेनं, किती जणांना, हे तो सांगत नाही. त्याच गटात दारू आहे, ऊन आहे, प्रक्रिया केलेलं मांस आहे. शेतात उभा असलेला माणूस रोज त्या गटातल्या एका गोष्टीखाली उभा असतो. पुरावे आले ते मुख्यतः कारखान्यांत आणि शव जतन करणाऱ्या खोल्यांत वर्षानुवर्षं काम केलेल्या लोकांवरून. वॉर्डरोबशेजारी झोपलेल्या मुलाला तेच लागू करणं म्हणजे हातचा सोडून बेरीज करणं.

शिवाय तुमच्या-माझ्या रक्तात हा पदार्थ जन्मापासून आहे, लिटरला साधारण दोन-तीन मिलिग्रॅम. शरीर तो बनवतं आणि काही मिनिटांत मोडतंही. नाशपातीत किलोमागे चाळीस-साठ मिलिग्रॅमपर्यंत सापडतो. उद्या नाशपातीवर धागा काढणार का?

मांजराकाठ

नाशपाती पोटात जाते, हवा नाकात. रक्तातल्या प्रमाणाचा इथे काही उपयोग नाही. श्वासातलं फॉर्मल्डिहाइड रक्तापर्यंत फारसं पोचतच नाही, नाकाच्या आणि घशाच्या ओल्या अस्तरालाच लागून संपतं. म्हणून तर डोळे आणि नाक झोंबतात, आणि म्हणूनच त्या कामगारांत कर्करोग सापडला तो नाकामागच्या घशाचा. मी कर्करोगाच्या नावानं कुणाला घाबरवत नाहीये. दम्याचं पोर घरात असेल तर एवढी जळजळ पुरे होते.

बोअरवाला (किनवट)

तुमचं चालू द्या फ्लॅटातलं. आमच्याकडं बोअरच्या पाण्यात फ्लोराइड हाय. लेकरायच्या दातावर पिवळे-तपकिरी डाग पडायलेत, म्हाताऱ्यायची हाडं धरायलीत. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर नको म्हणतेत, पण उन्हाळ्यात टँकर यायला उशीर झाला की बोअर हाच आधार, मग कोण मोजत बसतंय. कापसावर फवारणी तोंडाला नुसता रुमाल बांधून. २०१७ ला शेजारच्या यवतमाळात फवारणीनं माणसं मेली, ते तरी आठवा. ज्याच्या घरात प्लायच नाही त्याला काय सांगता?

मांजराकाठ

दादा, फ्लोराइड मोठा प्रश्न आहे हे मान्य. पण एक दुखणं मोठं म्हणून दुसऱ्याला औषध नाही, असं कुठं असतं?

प्लायवाला (नांदेड)

दुकान आहे, म्हणून माझी बाजू धरून बोलतोय समजा. गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं तो स्क्वेअर फुटाच्या रेटचा. गोंद कोणता, हे कुणी विचारत नाही. विचारा. 'एमआर' (ओलावा सोसणाऱ्या) प्लायमध्ये सहसा युरियाचा गोंद असतो. 'बीडब्ल्यूआर' किंवा 'बीडब्ल्यूपी' (उकळतं पाणी सोसणाऱ्या) प्लायमध्ये फिनॉलचा, त्यातून वायू फार कमी सुटतो. महाग आहे, म्हणून लोक किचनपुरताच घेतात आणि बेडरूमला एमआर लावतात. माझ्या मते उलटं पाहिजे. किचनला पाण्याची भीती, पण झोपता तुम्ही बेडरूममध्ये.

दुसरं, सनमायका पुढून लावतात आणि मागची बाजू, आतले कप्पे, कापलेल्या कडा कोऱ्या सोडतात. वायू तिथूनच निघतो. कडांना पट्टी आणि मागून लॅमिनेट लावून घ्या, सुतार कुरकुर करील, करू द्या. बिलावर ग्रेड लिहून घ्या. तोंडी 'मरीन आहे हो', म्हणजे पाण्यात टिकणारा आहे, याला काही अर्थ नाही.

आणि सगळ्यात जास्त कोण ओढतो सांगू? बंद खोलीत कटर चालवणारा सुतार. त्याच्यावर कुणी धागा काढत नाही.

पार्लरताई (जालना)

सुताराची गोष्ट आमचीच. लग्नसराईत केस सरळ करायला रांग लागते. औषध लावून वरून दोनशे अंशाच्या आसपासची इस्त्री फिरवली की धूर निघतो. बऱ्याच जुन्या औषधांत मिथिलीन ग्लायकॉल असायचं, तापवलं की फॉर्मल्डिहाइड. गिऱ्हाईक वर्षातून एकदा येतं, मी रोज तिथंच उभी. आता बाटलीवर मोठ्या अक्षरात 'फॉर्मल्डिहाइड-फ्री' असतं. त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत ग्लायऑक्सिलिक आम्ल असतं, आणि ते लावल्यावर किडनीला इजा झाल्याच्या केसेस वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. तेव्हा 'फ्री' वाचून हुरळून जाऊ नका. मी तर खिडकी आणि एक्झॉस्ट असल्याशिवाय ते काम घेत नाही, एक-दोन नवऱ्या नाराज होऊन गेल्या तरी चालेल.

सागवान

आमच्या वाड्यात सागवानी दारं, शेणानं सारवलेली जमीन, संध्याकाळी धूप आणि कडुनिंबाचा धूर. काही झालं नाही. नाहीतर खोलीत मनी प्लांट ठेवा, सगळं शोषून घेतो.

तराजू

काका, कडुनिंबाच्या धुरातही फॉर्मल्डिहाइड असतं, कुठल्याही धुरात असतं. आणि मनी प्लांटचं म्हणाल तर ते १९८९ चे नासाचे प्रयोग हवाबंद पेट्यांत केलेले. घरात तेवढा परिणाम हवा असेल तर माणसांना राहायला जागा उरणार नाही एवढी झाडं लागतील. उघडी खिडकी फुकट आहे.

एकेकाळचा_मेडिको (अंबाजोगाई)

पहिल्या वर्षाला शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये डोळ्यांतून पाणी यायचं. पंधरवड्यात तिथं उभं राहून डब्याच्या गप्पा चालू. फॉर्मेलिन तेवढंच होतं, नाक सरावलं होतं. म्हणून 'वास गेला' हा पुरावा धरू नका. पाहुणा आल्यावर तो नाक मुरडतो का बघा, तो खरं सांगेल.

नवा_ताबा (बीड)

आमच्याकडं एसी नाही, कूलर आहे. तो चालेल का? की तोही वाईट?

प्लायवाला

एसीपेक्षा बरा. खिडकीत बाहेरच्या बाजूला लावलेला कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, फक्त समोरचं दार किंवा खिडकी उघडी पाहिजे. एसी खोलीतलीच हवा फिरवत राहतो. पण कूलर खोलीच्या आत ठेवून दार लावलंत तर ओलावा वाढेल, एमडीएफ फुगेल आणि वायूही जास्त सुटेल. शक्य असेल तर फर्निचर फेब्रुवारीत करून घ्या, आणि राहायला जाण्याआधी कपाटाची दारं उघडी टाकून घर वाऱ्यावर सोडा.

तराजू

हा सल्ला पटला. त्याला कर्करोगाचं नाव घ्यायची गरज नव्हती, माझा मुद्दा तोच होता. आणि कुणी फॉर्मल्डिहाइड मोजायचं ऑनलाइन मिळणारं स्वस्त मीटर आणून आकडे टाकू नका. अगरबत्ती, सॅनिटायझर, फोडणी, कशानंही त्याचा आकडा चढतो.

मांजराकाठ

नाव घेतलं नसतं तर तुम्ही आला नसतात. मीटर मात्र आम्ही दोन-तीन घरं मिळून चांगलं भाड्यानं आणायचं म्हणतोय, मे महिन्यात, भर दुपारी, खिडक्या बंद ठेवून. आकडे इथेच टाकतो, कमी आले तरी.

बोअरवाला

आणायलाव तर आमच्या चुलीपाशी बी लावून बघा. गॅस हाय, पण सिलिंडर परवडत नाही.