उंचावरच्या पाणथळ जागा: नकाशा पुण्यात बसून करायचा की लडाखमधल्या त्सो कार सरोवराच्या काठावर जाऊन?

नकाशेकार, कोथरूड
लडाखमधल्या ४,००० मीटरवरच्या पाणथळ जागांवर लक्ष ठेवायचं आहे, पैसे मोजके आहेत. ते वर्षाकाठी एका मोहिमेवर घालवायचे की उपग्रहचित्रांच्या कामावर? माझं मत: आधी उपग्रह. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, १० मीटर पिक्सेलची, म्हणजे चित्रातला एक चौकोन जमिनीवर १० बाय १० मीटरचा. लडाख पर्जन्यछायेत आहे, त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निरभ्र चित्र सह्याद्रीपेक्षा कितीतरी सहज सापडतं. लँडसॅट ही जुनी अमेरिकी उपग्रहमालिका धरली तर १९८०च्या दशकापर्यंत मागे जाता येतं. २०११च्या राष्ट्रीय पाणथळ नकाशावहीत २.२५ हेक्टरपेक्षा लहान जागा नुसते ठिपके आहेत. त्या ठिपक्यांना आता कडा देता येतील.

लव्हाळा, औंध
कडा मिळतील, पण तळ्यांना. चित्रातून पाणी ओळखायचा निर्देशांक एनडीडब्ल्यूआय म्हणजे हिरव्या प्रकाशाचा पट्टा वजा निअर इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश), भागिले दोघांची बेरीज; आकडा शून्यावर असेल तर पाणी धरतात. पाण्यावर पान आलं की निअर इन्फ्रारेड उसळतो आणि आकडा शून्याखाली जातो. पाषाण तलावावर जलपर्णी पसरली की चित्रात तिथे जमीन दिसते, घरबसल्या तपासून बघा. त्सो कारभोवतीची लव्हाळ्यांची ओली कुरणं अशीच नकाशातून गळतात. आणि काळ्या मानेचा क्रौंच घरटं करतो ते याच दलदलीत, उथळ पाण्यातल्या उंचवट्यावर. निळं तेवढंच मोजलं, तर जे वाचवायचं तेच बाहेर राहतं.

नकाशेकार
मग त्याचंच सुधारलेलं रूप, एमएनडीडब्ल्यूआय घ्या. निअर इन्फ्रारेडऐवजी शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड, म्हणजे त्याहून लांब लहरींचा अवरक्त पट्टा. तो पट्टा २० मीटरचा आहे, तेवढं चालवून घ्यावं लागेल.

हिमरेषा, वारजे
इथे जपून. एमएनडीडब्ल्यूआय आणि बर्फ ओळखायचा एनडीएसआय यांचं सूत्र एकच आहे! जूनच्या चित्रात उत्तर उतारावरचा प्रत्येक शिल्लक बर्फाचा तुकडा तळं होऊन बसतो. डोंगराच्या सावल्याही पाण्यासारख्याच काळ्या. तोड अशी: बर्फ किमान असतो तेव्हाची, ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमधली चित्रं घ्या, तीन-चार वर्षांच्या चित्रांचा मध्यक काढा, मग जमिनीच्या उंचीच्या डिजिटल मॉडेलवरून ५ अंशांहून जास्त उताराचे पिक्सेल उडवा. सपाट दरीत पडलेली सावली तरीही उरते, ती डोळ्यांनीच काढावी लागते. ओल्या कुरणांसाठी सेंटिनेल-१ या उपग्रहाचं रडार जोडता येईल, मात्र माती गोठली की परत येणारा सिग्नल एकदम घसरतो. त्याला 'कुरण वाळलं' म्हणू नका.

जलमापक, सदाशिव पेठ
मी काठावर जाऊन मोजण्याच्या बाजूचा, पण तिथलं काम अर्धवट केलं तर चित्रांपेक्षा वाईट. कुरणात भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप मीटरभर खोल रोवला की पाणीपातळी मिळते, असं वाटतं. हिवाळ्यात माती गोठून फुगते आणि पाइप वर ढकलते. पुढच्या वर्षी पाइपच्या तोंडापासून पाणी खोल दिसतं, आणि लोक 'भूजल घटलं' असं लिहून मोकळे होतात. जवळच्या पक्क्या कातळात बोल्ट ठोकायचा आणि दर खेपेला डंपी लेव्हलने (उंचीतला फरक मोजायच्या सर्वेक्षणाच्या दुर्बिणीने) पाइपच्या तोंडाची उंची त्या बोल्टवरून घ्यायची. याला पर्याय नाही.

दुसरं, साधा प्रेशर लॉगर, म्हणजे पाण्यात सोडायचं दाब नोंदवणारं यंत्र, पाणी अधिक हवा असा एकूण दाब नोंदवतो. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने बदलला की पातळीत सुमारे १ सेंटिमीटरची चूक. म्हणून हवेचा लॉगर तिथेच, सावलीत हवा. लेहचे आकडे लावू नका, ते जवळजवळ हजार मीटर खाली आहे. पाणी गोठायच्या आत लॉगर काढला नाही तर बर्फ त्याचा पडदा फोडतो.

विरघळलेल्या ऑक्सिजनचा मीटर पुण्यात कॅलिब्रेट करून तसाच वर नेणं हीही नेहमीची चूक. ४,५०० मीटरवर हवेचा दाब इथल्या साधारण तीन पंचमांश असतो. तिथला दाब भरला नाही, तर निरोगी तळंही गुदमरलेलं दिसेल.

नकाशेकार
हे सगळं एका कुरणापुरतं. सपाट काठावर उतार २०० ला १ असेल, तर ५ सेंटिमीटर पाणी चढलं की काठ १० मीटर सरकतो, म्हणजे अख्खा पिक्सेल. उपग्रहाला तेही दिसतं, आणि शेकडो तळ्यांवर एकदम.

लव्हाळा
एका पिक्सेलची सरक दोन तारखांच्या चित्रांच्या जुळणीतली चूकही असू शकते. पाच-सहा चित्रांत तीच दिशा दिसली तरच मान्य. शिवाय तुमच्या वर्गीकरणाला, म्हणजे पिक्सेल ओला की कोरडा हे ठरवणाऱ्या प्रोग्रॅमला, शिकवायला जागेवर जाऊन तपासलेले बिंदू कुठून आणणार? हातातल्या जीपीएसची चूक ३ ते ५ मीटर, म्हणून बिंदू किमान ३० बाय ३० मीटरच्या एकसारख्या तुकड्याच्या मधोमध घ्यावा लागतो. गुगल अर्थवर बघून 'इथे ओलं असावं' असं ठरवलेला बिंदू मी धरणार नाही.

नकाशेकार
बिंदूंचा मुद्दा मान्य. मग पहिल्या वर्षी त्सो कार आणि स्तार्तसापुक त्सो एवढंच खोरं घेऊ. एक खारं, एक गोडं, स्तार्तसापुकचं पाणी त्सो कारमध्ये उतरतं आणि तिथून बाहेर वाट नाही. बिंदू तिथे ऑगस्टअखेर घ्यायचे. पाइप आणि बोल्टचा खर्च मात्र पहिल्या वर्षात नको.

जलमापक
बोल्ट पहिल्याच वर्षी. पाइप नंतर रोवता येईल, पण बोल्ट नसेल तर त्या वर्षीची काठाची उंची पुन्हा कधीच मिळणार नाही.