बायपास म्हणजे कॅन्सर? आधी कुठला बायपास ते तरी विचारा

पानगळ: काल इथे कुणी लिहिलं, "आतड्याचा बायपास झाला की पुढे आतड्याचा कॅन्सर होणारच." वाचून डोकं फिरलं. १९६०-७०च्या दशकांत वजनासाठी जेजुनोइलिअल बायपास करायचे. जेमतेम ४५ सेंटिमीटर लहान आतडं वापरात ठेवायचे, बाकीचं बाजूला. पित्ताम्लं, म्हणजे पित्तातली चरबी पचवणारी द्रव्यं, न शोषता मोठ्या आतड्यात उतरायची, म्हणून कॅन्सरची भीती. कॅन्सरकारक रसायन दिलेल्या उंदरांत गाठी वाढल्याही. पण ते ऑपरेशन बंद पडलं यकृत निकामी होणं, मूतखडे आणि न थांबणाऱ्या जुलाबांपायी. आजच्या गॅस्ट्रिक बायपासवर, म्हणजे जठर लहान करून थेट लहान आतड्याला जोडतात त्यावर, तोच शिक्का कशाला?

चाकोरी: ते मीच लिहिलं होतं. २०१३च्या स्वीडनमधल्या अभ्यासात वजनाच्या ऑपरेशननंतर धोका वर्षागणिक वाढलेला दिसला. ते बरं गाळलंत!

पानगळ: आणि २०२०चा फ्रान्सचा? दहा लाखांहून जास्त लठ्ठ माणसं. ऑपरेशन झालेल्यांचा धोका सर्वसामान्यांइतकाच, न झालेल्यांचा ३४ टक्के जास्त. तुम्ही गाळलंत ते?

सांजवात: आकडे ठेवा बाजूला. माझ्या आईचं ऑपरेशन होऊन चाळीस वर्षं झाली. डिस्चार्ज कार्डावर नुसतं "बायपास", पुढची ओळ घडीवर पुसलेली. कोलोनोस्कोपीला (मोठं आतडं आतून दुर्बिणीने बघतात ती तपासणी) नेलं तर डॉक्टर विचारतात, कुठला बायपास? कोण सांगणार?

गारवा१: अगदी हेच! वडिलांचे कागद मागायला गेलो तर "जुनं रेकॉर्ड ठेवत नाही." दोन चकरा मारल्या, हात हलवत परत.

रोखठोक: कागद जपणं पेशंटचं काम आहे. सगळं डॉक्टरांवर ढकलू नका.

सांजवात: टाके ओले असताना तिने काय जपायचं होतं? कुठलं आतडं कुठे जोडलं हे तिला कुणी तोंडीसुद्धा सांगितलं नव्हतं. तोंड सांभाळून बोला.

रोखठोक: ठीक आहे, तेव्हाचं मला माहीत नाही. पण आता तरी प्रत मागून घ्या.

गारवा१: मागितली की चेहरे बघा त्यांचे!

चाकोरी: मूळ मुद्द्यावर या. "होणारच" म्हणणं चुकलं, तेवढं मागे घेतो. धोका नाही असं मात्र मी म्हणणार नाही. पॉलिपचा, म्हणजे आतड्याच्या आतल्या छोट्या गाठीचा, कॅन्सर व्हायला दहाएक वर्षं जातात, तेवढ्यात कोलोनोस्कोपीत सापडतो.

पानगळ: तपासणीला माझा विरोध कधी होता? घाबरवण्याला होता.

सांजवात: आईचे दोन पॉलिप निघाले, काढले. बायपासमुळे की वयामुळे, कुणी सांगू शकलं नाही. तीन वर्षांनी परत बोलावलंय. या वेळचा रिपोर्ट आम्हा तिघा भावंडांच्या फोनमध्ये आहे.