माजी सैनिकाचं सलग ऐकून घेईल असं पुण्यात कोण आहे?

दिघीची_वहिनी
मिस्टर २२ वर्षं इन्फंट्रीत होते, दोन वर्षांपूर्वी हवालदार म्हणून पेन्शनवर आले. आरआरला (राष्ट्रीय रायफल्स) काश्मीरमध्ये असताना काय घडलं, ते मला अजून धड माहीत नाही. रात्री दोनला उठतात, कडी तपासतात, मग गॅलरीत खुर्ची टाकून उजाडेपर्यंत रस्त्याकडे बघत बसतात. मागच्या महिन्यात वरातीत सुतळी बॉम्ब वाजला, तर लेकीला दंडाला धरून खाली पाडलं. तिचं कोपर खरचटलं. नंतर आठवडाभर तिच्या नजरेला नजर देत नव्हते.

ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड आहे. पॉलिक्लिनिकमधून रेफरल घेऊन पॅनेलवरच्या एका हॉस्पिटलात तीनदा गेलो, तिन्ही वेळा डॉक्टर वेगळे. दर वेळी पहिल्यापासून विचारपूस, पाच-सात मिनिटांत झोपेची गोळी. तिसऱ्या खेपेला हे म्हणाले, "आता लागते झोप सर," आणि उठले. लागत नव्हती. गोळ्यांना माझी ना नाही, पण एकच माणूस शेवटपर्यंत ऐकेल असं कुठे आहे? ह्यांना तयार कसं करू? "मला वेडा ठरवायला निघालीस" म्हणतात.

निवृत्त_एएमसी
वहिनी, मी लष्कराच्या मेडिकल कोअरमध्ये (एएमसी) नर्सिंग असिस्टंट होतो, काही वर्षं सायकियाट्री वॉर्डात. "लागते झोप सर" हे उत्तर मी शेकडो वेळा ऐकलंय. फौजेत मेडिकल कॅटेगरी 'शेप' या पाच अक्षरांच्या तपासणीवर ठरते, त्यातला पहिला एस मनाचा. तो एस घसरला की प्रमोशन अडकेल, पलटणीत नाव खराब होईल, ही धास्ती जवानाच्या अंगात मुरते. पेन्शन आली म्हणून ती जात नाही. त्यांच्यावर रागावू नका.

आधी तुम्ही एकट्या बोला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर घरच्यांनाही लावता येतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. सैन्यदलांसाठी त्यांचा खास कक्ष १ डिसेंबर २०२३ ला आपल्या पुण्यातल्या एएफएमसीतच (लष्कराचं मेडिकल कॉलेज) सुरू झाला.

कोथरूड_समुपदेशक
झोपेची गोळी म्हणजे या त्रासावरचा पूर्ण उपचार नव्हे. आघातावरच्या थेरपीच्या साधारण ८ ते १५ बैठका होतात, त्याही एकाच माणसासोबत. म्हणून रेफरल घेताना "सायकियाट्रिस्टसोबत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टही हवा" हे स्पष्ट सांगा आणि डॉक्टर कोणत्या वारी बसतात ते विचारून तोच वार धरा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने स्वतःच्या उपचारांची कागदपत्रं मागायचा हक्क रुग्णाला आहे. त्यांच्या सहीने अर्ज द्या. फाइल हातात असली की पुन्हा पहिल्यापासून सांगणं तरी वाचेल.

खडकीकर_ताई
आमच्याकडे माझं काही चाललं नाही. पलटणीतला जोडीदार घरी आला, म्हणाला "मी पण जातो, चल". पुढच्या सोमवारी दोघं एका स्कूटरवर गेले. ह्यांचं असं कुणी आहे का?

दिघीची_वहिनी
ताई, आहे. आळंदीला राहतात, आरआरला ह्यांच्याच सेक्शनमध्ये होते. काल फोन केला. मी दोनच वाक्यं बोलले, तर म्हणाले, "वहिनी, गॅलरीत बसतो ना? मी पण बसायचो." रविवारी जेवायला येतायत. १४४१६ लाही लावला, ह्यांना सांगूनच. ऐकून काही बोलले नाहीत. संध्याकाळी लेकीला क्लासला सोडायला स्वतःहून गेले.