ट्रॅक डेला हात दाखवल्याशिवाय ओव्हरटेक नाही, हा नियम हवाच

कोथरूडकर
आमच्या ग्रुपचं ट्रॅक डेला, म्हणजे फी भरून रेसच्या ट्रॅकवर आपापल्या गाड्या चालवायला, चेन्नईला जायचं ठरतंय आणि निघायच्या आधीच यावरून दोन तट पडलेत, म्हणून इथे मांडतोय. नवशिक्यांच्या बॅचला बहुतेक ठिकाणी नियम असा असतो की पुढच्याने खिडकीतून हात काढून कुठल्या बाजूने जायचं ते दाखवायचं, मगच मागच्याने जायचं, तेही ठरवून दिलेल्या सरळ पट्ट्यावरच. काहींना यात कमीपणा वाटतो. मला विचाराल तर नियम हवाच आणि कडक हवा.

ट्रॅक डे म्हणजे रेस नाही, तिथे पहिला-दुसरा नंबर नसतो, मग जागा दिसली म्हणून घुसायचं कारणच काय? हेल्मेट घातलं की आधीच बाजूचं कमी दिसतं, नवा माणूस पुढचं वळण आणि ब्रेक कुठे मारायचा यातच बुडालेला असतो, त्याने आरशात बघितलं की नाही हे मागून कळणार कसं? हात बाहेर आला म्हणजे बघितलं, एवढीच काय ती खात्री. आणि गाडी ठोकली तर खर्च आपल्याच खिशातून. आपल्या नेहमीच्या पॉलिसीत रेसिंग, स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं, काढून वाचा, क्लेमच्या भरवशावर तर अजिबात जाऊ नका.

पण नियम अर्धाच पाळला जातो हे माझं खरं दुखणं आहे. समजा पुढे अडीचशे हॉर्सपॉवरची जर्मन सेडान आणि मागे एखादी जुनी पोलो. पोलोवाला वळणात चांगला चालवतो म्हणून दर वळणाला सेडानच्या बंपरपाशी पोचतो, सरळ पट्टा आला की सेडानवाला पाय दाबतो आणि गायब, पुढच्या वळणाला परत तेच. त्याच्या डोक्यात पक्कं असतं की मी फास्ट आहे, हा तर मागे पडतोय. तोवर मागे चार गाड्यांची रांग लागलेली असते आणि सगळ्यांचं सेशन वाया. हात दाखवायचा *आणि* ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा, दोन्ही मिळून एक सिग्नल होतो. नुसता हात दाखवून पाय तसाच ठेवला तर मागचा शेजारी येऊन अडकतो आणि दोघं एकदमच ब्रेकिंगला पोचतात, याच्याइतकं वाईट काही नाही.

टर्बोलॅग
उद्देश पटला, हात पटला नाही. ताशी १५० ला गाडी सेकंदाला जवळजवळ ४२ मीटर जाते. आपलं स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे उजवा हात खिडकीबाहेर, आणि गिअर डाव्या हाताने. वळणातून बाहेर पडल्यावर तिसऱ्याचा चौथा टाकायची वेळ आणि हात दाखवायची वेळ एकच, मग स्टिअरिंग कोणी धरायचं? त्यात काच उघडी, गाडी उलटली तर हात कुठे असेल विचार करा. त्यापेक्षा इंडिकेटर द्या ना. जर्मनीत नुर्बुर्गरिंगच्या २०.८ किलोमीटरच्या ट्रॅकवर साधे लोक आपापल्या गाड्या घेऊन जातात, तिथे हळू चालणारा उजवा इंडिकेटर देऊन उजवीकडे राहतो, मागचा डावीकडून जातो, उजवीकडून जायला बंदीच. बाजू एकदाच ठरली, विषय संपला.

वाकडची
जर्मनीत चालत असेल हो. इथे नगर रोडला ट्रकच्या मागे लागा, एक जण उजवा इंडिकेटर देतो म्हणजे ‘जा पुढे’, दुसरा देतो म्हणजे ‘मी वळतोय’, आपण अंदाज बांधत बसायचं. माणूस हीच सवय घेऊन ट्रॅकवर येतो. शिवाय वळणानंतर स्टिअरिंग सरळ झालं की इंडिकेटर आपोआप बंद, मागच्याला दिसला का नाही काय माहीत.

आणि हात काही परदेशातून आलेला नाही, १९८९ च्या रस्त्याच्या नियमांतच होतं की मागच्याला पुढे जाऊ द्यायचं असेल तर उजवा हात बाहेर आडवा धरून पुढेमागे अर्धवर्तुळात हलवायचा.

गिअरचं म्हणाल तर आधी गिअर टाका, गाडी सरळ झाली की मग हात काढा. फक्त अमेरिकन व्हिडिओ बघून जसंच्या तसं करू नका, त्यांचा ड्रायव्हर डावीकडे बसतो. आपल्याकडे उजवीकडून पाठवायचं तर हात खिडकीतून सरळ उजवीकडे, डावीकडून पाठवायचं तर कोपरात दुमडून छतावरून डावीकडे बोट. नुसता पंजा हलवला तर मागच्याला वाटतं थांब म्हणतोय. हातमोजा फिकट रंगाचा घाला, काळा दिसत नाही. आणि एकदा हात म्हणजे एकच गाडी, मागे तिघं असतील तर तीनदा दाखवायचा, नाहीतर दुसरा पहिल्याच्या मागून तसाच येतो आणि तुम्ही त्याच्या अंगावर जाता.

टू_स्ट्रोक
मी बाईकवाला, त्यामुळे मला दोन्ही पटत नाही. आम्ही हँडल सोडून कोणाला काय दाखवणार? आमच्यात जबाबदारी सरळ मागच्याची, अंतर ठेवून जायचं, नव्या लोकांना आतून घुसायला मनाई. पुढच्याने आपली लाईन, म्हणजे तो ज्या रेषेत चाललाय ती, सोडायची नाही, बस. तुमच्या नियमात जो आरसाच बघत नाही त्याच्या हातात सगळ्यांचा दिवस जातो. चेन्नई काय, कोइम्बतूर काय, पुण्याहून हजार किलोमीटरच्या वर जातो माणूस, फी, टायर, ब्रेक पॅड सगळा खर्च करून, आणि तिथे जाऊन रांगेत फिरायचं?

कोथरूडकर
@टू_स्ट्रोक, बाईकला बाजूने जायला जागा उरते, दोन गाड्या शेजारीशेजारी आल्या की एकाची लाईन जातेच. न बघणाऱ्यासाठी निळा झेंडा असतो, म्हणजे ‘मागच्याला जाऊ दे’, तरी ऐकलं नाही तर मार्शलला (ट्रॅकवर झेंडे दाखवणाऱ्याला) सांगून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकबाहेर गाड्या थांबतात तिथे, बोलवून घ्यायचं, आयोजकांनी यात भीड ठेवू नये. आणि रांगेत अडकलात तर स्वतः पिट लेनमधून एक चक्कर मारा, समोर मोकळा ट्रॅक मिळतो. बंपरला चिकटून दिवे मारून नवा माणूस अजून बावरतो, त्याला काही शिकायला मिळत नाही.

टर्बोलॅग
दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटला हे सगळं जमेल, मागचा सरळ पट्टाच किलोमीटरभर आहे. कोइम्बतूरचा करी ट्रॅक अख्खा २.१ किलोमीटरचा, तिथे गिअर टाकून, गाडी सरळ करून हात काढेपर्यंत ब्रेकिंग येतं. ब्रेकच्या तोंडावर आलेल्या हाताचं काय करायचं?

वाकडची
घ्यायचाच नाही. मागच्याने जागेवर राहायचं, पुढच्या पट्ट्यावर परत दाखवेल. दाखवला म्हणजे गेलंच पाहिजे असं थोडीच आहे.

टर्बोलॅग
हे मान्य, पण मग हे ब्रीफिंगमध्ये, ट्रॅकवर सोडायच्या आधी नियम सांगतात तेव्हाच, स्पष्ट सांगा, कारण नवा माणूस हात दिसला की जातोच. नवशिक्यांपुरता हात चालेल मला. त्याच्या वरच्या बॅचला मात्र मी इंडिकेटरच मागणार.