शुद्धीला ‘पातळी’ असते का?

पिंपळपान: डोक्याला मार लागून आयसीयूत असलेल्यांच्या नातेवाइकांसाठी माहितीपत्रक मराठीत करतेय. ‘शुद्धीची पातळी दर तासाला तपासतात’ असं लिहिलं होतं. एका ज्येष्ठांनी ते खोडलं. म्हणाले, शुद्ध असते किंवा नसते, पातळी पाण्याला असते. मग काय लिहू?

निवांत: बरोबर आहे त्यांचं. ‘भान’ लिहा. आणि ‘बेशुद्ध’ टाळाच, फारसी ‘बे’ संस्कृत शब्दाला चिकटवलाय. ‘अचेत’ आहे की.

रातपाळी: मी न्यूरो आयसीयूत नर्स आहे. ‘अचेत’ ऐकून नातेवाइकांना माणूस गेलाच असं वाटेल. पातळी तर असतेच. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी १९७४ मध्ये मोजपट्टीच दिली. आता तिच्यात जास्तीत जास्त गुण असे: डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५, हालचालीला ६. एकूण १५, तळाला ३, शून्य नाहीच. घशात नळी असली की बोलण्याच्या जागी ‘टी’ (ट्यूब) लिहितो. १३ चे ११ झाले की डॉक्टरांना लगेच बोलावतो. ‘भान’ वेगळं. डोळे टक्क उघडे, पण हाकेला ओ नाही, असे रुग्ण असतात. त्यांना जाग आहे, भान नाही.

वऱ्हाडकर: आमची आजी म्हणे, ‘त्याले सुदच नाही.’ मला तर शुद्ध पक्ष आठवतो. चंद्र कलेकलेनं वाढतो, तशीच शुद्ध येते. पातळी शब्दातच आहे!

निवांत: कल्पना गोड आहे, पण व्युत्पत्ती अशी लागत नाही. हिंदीतलं ‘सुधबुध’ बघा.

झुळूक: पत्रकात ‘झटके’ लिहू नका, कळकळीनं सांगते. बाबांच्या वेळी ‘मेंदूत झटके येताहेत’ ऐकून आई हार्ट अटॅक समजली. आम्ही हातपाय बघत बसलो, बोटसुद्धा हलत नव्हतं. झटके फक्त ईईजीवर, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखावर, दिसत होते. ‘आकडी’ म्हणाले असते तर लगेच कळलं असतं.

निवांत: अंग आकडतं म्हणून आकडी. अंग हललंच नाही तर आकडी कशी?

रातपाळी: ‘न दिसणारी आकडी’ असं मी सांगते, लोकांना कळतं. आणि ‘मेंदूचा दाब’ही नको, ‘कवटीतला दाब’ लिहा. तो २२ मिमी पाऱ्याच्या वर टिकला की आमची धावपळ सुरू होते, आणि नातेवाईक विचारतात, बीपीची गोळी दिली का?

वऱ्हाडकर: आमच्याकडे आकडीला ‘मिरगी’ म्हणतात.

निवांत: तो हिंदीतून आलाय.

झुळूक: आला असेल. आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्याला जो कळतो, तो लिहा.