पहिली रेस क्रिट असावी की नाही?

जर्सीकर :
मंडळी, बरेच दिवस हे डोक्यात घोळतंय. आपल्याकडे कुणी नवीन पोरगं विचारतं की मला सायकल रेस करायचीय, सुरुवात कुठून करू, की उत्तर ठरलेलं, आधी २०० ची बीआरएम कर (म्हणजे ब्रेव्हे, ठरलेल्या वेळेत पुरी करायची २०० किलोमीटरची राइड), मग ३००, दम तयार होऊ दे, रेसचं पुढे बघू. माझं मत याच्या बरोबर उलट आहे. पहिली रेस क्रिटच असावी, म्हणजे क्रायटेरियम, छोट्या बंद सर्किटवरची.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गावातले चार-सहा रस्ते गाड्यांना बंद करतात, एक लॅप साधारण एक-दीड किलोमीटरचा (आंतरराष्ट्रीय नियमात ८०० मीटर ते १० किमी चालतं), आणि नवख्यांची रेस अर्ध्यापाऊण तासात आटपते. बऱ्याच ठिकाणी आधी घड्याळ चालतं, मग किती लॅप उरले त्याचे आकडे दाखवतात, शेवटच्या लॅपला घंटा. मधेच कधीतरी घंटा वाजली तर ती प्रीमची, म्हणजे पुढच्या लॅपला जो पहिला रेषा ओलांडेल त्याला वेगळं बक्षीस. पंक्चर झालं किंवा पडलात तर पिटमध्ये जायचं, चाक बदलायचं आणि पुढच्या लॅपला त्याच घोळक्यात परत शिरायचं, फक्त शेवटच्या काही लॅप्सना ही सवलत नसते. फार मागे पडलात तर बाहेर काढतात.

मी इथे न्यू जर्सीत राहतो, सॉमरव्हिल गाव जवळच. मेमोरियल डेला तिथली रेस बघायला गेलो आणि तीन तास रस्त्याच्या कडेला नुसता उभा राहिलो. ही रेस १९४० पासूनची. पहिल्या दोन्ही वर्षी फर्मन कुगलर जिंकला, ज्याने रेस सुरू केली त्या पॉप कुगलरचाच मुलगा, आणि १९४२ ला कार्ल अँडरसन. दोघंही दुसऱ्या महायुद्धात मारले गेले. १९४७ ला रेस परत सुरू झाली ती या दोघांच्या नावाने. तिथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हे सांगितलं तेव्हा समोरून ऐंशी-नव्वद जणांचा घोळका वळणातून सूंऽऽ करून गेला, अंगावर काटा आला. पुढच्याच वर्षी मी सगळ्यात खालच्या गटात नाव घातलं.

घाटाची_हाक :
जर्सीकर, लिहिलंय छान पण मला अजिबात पटलेलं नाही. मी पुण्याचा, २०० ते ६०० सगळ्या ब्रेव्हे केल्यात. आपल्या मातीतली रेस म्हणजे मुंबई-पुणे, बोरघाट जो पहिला चढेल तो घाटांचा राजा, हे लहानपणापासून ऐकत आलोय. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ ला अमेरिकेतली रॅम (रेस अक्रॉस अमेरिका) पूर्ण केली, दोघांची टीम, नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१७ ला तीच एकट्याने करून आले, जवळपास ४८०० किलोमीटर. ही आपली परंपरा, दमाची, चिकाटीची. त्यापुढे चार रस्त्यांना गोल गोल फिरायचं यात माणसाची काय परीक्षा होते?

आणि खरा मुद्दा पडण्याचा. माझ्या मावसभावाने एका मोठ्या पार्किंगमधल्या अशाच रेसमध्ये नाव दिलं, चौथ्या लॅपला त्याचं पुढचं चाक समोरच्याच्या मागच्या चाकाला घासलं, समोरच्याला काहीच झालं नाही आणि हा डाव्या खांद्यावर आपटला. कॉलर बोन मोडलं, प्लेट बसवली, तीन महिने सायकल भिंतीला टेकून. पोराला रेसची गोडी लागायच्या आधीच भीती बसली. ब्रेव्हेत निदान तू आणि रस्ता, तुझ्या चुकीने दुसरा पडत नाही आणि दुसऱ्याच्या चुकीने तू पडत नाहीस.

जर्सीकर :
दादा, मावसभावाचं ऐकून खरंच वाईट वाटलं. पण तो कशाने पडला ते तुम्हीच लिहिलंय, चाकावर चाक चढलं. पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूने आपलं पुढचं चाक आत न्यायचंच नाही, तो जरा जरी सरकला तरी आपलं पुढचं चाक आडवं होतं आणि त्यातून सावरता येत नाही. हे कळायला फुप्फुसं लागत नाहीत, कुणीतरी शिकवावं लागतं. ब्रेव्हेत ६०० किलोमीटर एकट्याने चालवून हे येत नाही कारण तिथे याची वेळच येत नाही.

परीक्षा काय होते म्हणता, तर वळणाची. ब्रेक वळणाच्या आधी, वळणात शिरल्यावर नाही. आतल्या बाजूचा पेडल वर, बाहेरचा खाली, आणि सगळं वजन त्या बाहेरच्या पायावर. आतला पेडल खाली राहिला तर तो रस्त्याला लागतो, मागचं चाक उचललं जातं आणि खेळ संपला. हात खालच्या हँडलवर, कोपरं सैल, नजर समोरच्याच्या चाकावर न ठेवता वळण जिथे संपतं तिथे. ताशी ३६ च्या वेगाने १५ मीटर त्रिज्येचं वळण घेतलं तर सायकल साधारण ३४ अंश कलते, तेच वळण थोडं मोठं करून २० मीटर केलं तर २७ अंश. म्हणून बाहेरून शिरायचं, आत टेकायचं, परत बाहेर निघायचं. पण हे एकटे असाल तेव्हा. घोळक्यात असाल तर आपल्या दोन्ही बाजूंना माणसं असतात, तिथे ज्या रेघेवर शिरलात त्याच रेघेवरून बाहेर पडायचं, अध्येमध्ये कापायचं नाही, नाहीतर शेजारचा आडवा होतो.

आणि मागे राहणं महागात पडतं ते वेगळंच. वळणाला पुढचे दहा जण वेग फारसा कमी न करता जातात, मागचे मात्र एकमेकांवर येऊन ताशी २५ पर्यंत उतरतात आणि परत ४० ला यायला जीव काढतात. सायकल धरून ८० किलोचा माणूस असेल तर त्या एका उसळीला तीन हजार ज्यूल्सच्या आसपास लागतात, आठ सेकंदांत करायचं तर पावणेचारशे वॅट, वाऱ्याचं वेगळं. चार वळणं, पंचवीस लॅप, म्हणजे शंभर वेळा! म्हणून दमाचा माणूससुद्धा मागे बसला की अर्ध्या तासात गळतो आणि त्याला वाटतं आपला दम कमी पडला.

रंकाळा_राइडर :
घाटाची_हाक, तुमचं निम्मं बरोबर आणि जर्सीकर, तुमचं पण निम्मंच. मी कोल्हापुरात पोरांना शिकवतो, लई वर्षं झाली. क्रिट वाईट न्हाई, पण थेट नंबर लावून उभं करणं वाईट. आमच्याकडं पोरगं आलं की पहिले दोन महिने मैदानात. गवतावर पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या, चालत्या सायकलवरून वाकून उचलायच्या. मग दोघं-दोघं खांद्याला खांदा लावून चालवायचं, मुद्दाम कोपरानं ढकलायचं, गवतावर पडलं तर काय होत न्हाई. मग चाकाला चाक हळूच घासून बघायचं, घासलं की अंग कसं सैल ठेवायचं ते तिथंच कळतं. घाबरून हँडल आवळलं की माणूस पडतो, हे शंभरदा सांगून उपयोग न्हाई, अंगाला कळावं लागतं.

अजून एक. रेसला येताना हँडलच्या दोन्ही टोकांना बूच पायजेच. उघडी नळी मांडीत घुसलेली मी बघितलीय. दिसायला बारकी गोष्ट हाय पण मी तपासल्याशिवाय कुणाला लाइनला उभा करत न्हाई.

आईंडहोवनची_अनु :
मी नेदरलँड्सला असते, दोन गोष्टी सांगते. घाटाची_हाक दादा, तुम्ही म्हणालात ते भीतीचं मला आईच्या नजरेतून अगदी कळतं. माझी मुलगी नऊ वर्षांची, इथल्या क्लबला जाते. इथे बऱ्याच क्लब्सचं स्वतःचं बंद सर्किट असतं, गाड्या नाहीत, सिग्नल नाही, पोरं लहानपणापासून तिथेच घोळक्यात चालवतात. मुलगी आता एका हाताने बाटली काढते, मान वळवून मागे बघते आणि सायकल रेघ सोडत नाही. मी पस्तिशीत शिकले तर मला मागे बघायलाच सहा महिने लागले. म्हणून प्रश्न क्रिट की ब्रेव्हे असा नाहीच, सुरक्षित जागा कुठे आहे हा आहे. पार्किंगमध्ये खांब आणि डिव्हायडर असतात तिथे मी मुलीला कधीच पाठवणार नाही.

दुसरं, जर्सीकर, इथली एक गंमत तुम्हाला माहीत असेल. टूर द फ्रान्स संपली की दुसऱ्याच दिवशी इथल्या बॉक्समेर गावात क्रिट असते, मोठे रायडर येतात, मानधन घेतात, आणि कोण जिंकणार ते बहुतेक आधीच ठरलेलं. लोकांनाही ते माहीत असतं, तरी गर्दी तोबा. मला ते मनापासून आवडतं, गावच्या जत्रेसारखं असतं, पण ती रेस नाही. नवीन माणसाने ते बघून क्रिट म्हणजे हे असं समजू नये.

घाटाची_हाक :
अनुताई, सर्किटचा मुद्दा मान्य. पण मग तेच तर मी म्हणतोय, आपल्याकडे ते बंद सर्किट आहे कुठे? बालेवाडीला वेलोड्रोम, म्हणजे सायकलचा गोल ट्रॅक आहे, ते ट्रॅकवाल्यांचं, तिथे नवख्याला रोज कोण सोडतंय. राहतात रस्ते, त्यावर स्पीडब्रेकर, खडी, आणि मधेच येणारी दुचाकी. क्रिटसाठी जे लागतं ते आपल्याकडे नाही आणि ब्रेव्हेसाठी जे लागतं ते सगळं आहे, पहाटेचा मोकळा हायवे आणि घाट. म्हणून आपली माणसं तिकडे वळली, त्यात चूक काय? मी पोराला अजूनही आधी २०० च करायला सांगणार.

आणि रंकाळा दादा, बाटल्यांचं जे सांगितलंत ते मात्र फार आवडलं. ते ब्रेव्हेवाल्यांनाही लागेल, रात्री तीनला डुलकी येत असताना बाटली काढताना माझा तोल एकदा गेला होता.

जर्सीकर :
जागा नाही हे खरं आहे, यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण ती नाही म्हणून ते कौशल्यच नको, हे मात्र मी मान्य करणार नाही. पुणे ग्रँड टूरसारखी रेस आपल्याकडे आली, ४३७ किलोमीटरची, जगभरातले रायडर आपल्या घाटात. अशा रेसमध्ये आपली पोरं चढावर कदाचित टिकतील, पण शंभर जणांचा घोळका गावातल्या काटकोनात वळतो तेव्हा मागे फेकली जातील, आणि तिथे घाटांचा राजा असून काही होत नाही. शेवटच्या वळणातून तुम्ही कितवे बाहेर पडता त्यावर बरेचदा निकाल लागतो. रेषा वळणापासून दोनशे मीटरवर असेल तर विसावा माणूस कितीही ताकदीचा असो, त्याला रस्ताच उरत नाही. मी स्वतः पहिल्या रेसला सतरावा बाहेर पडलो, पायात भरपूर ताकद शिल्लक होती, आलो पंधरावा. त्या रात्री झोप लागली नाही.

रंकाळा_राइडर :
त्यासाठी चार लॅप उरले असल्यापासून पुढं सरकायला लागतं मर्दा, शेवटच्या लॅपला जागा मिळत न्हाई. सरळ रस्त्यावर वाऱ्याच्या आडोशानं कडेकडेनं वर जायचं, वळणात न्हाई.

घाटाची_हाक, सर्किट पायजे असं न्हाई. शाळेचं मैदान चालतं, सुट्टीच्या दिवशी हेडमास्तरांना भेटून परवानगी मागा, आम्हाला तसंच मिळालं. आठ पोरं, सोळा बाटल्या, चुन्यानं आखलेली दोन वळणं. टायरमधली हवा थोडी कमी ठेवा गवतावर. तुमच्या मावसभावाला पण घेऊन या, खांदा बरा झाला असेल तर. पहिल्या दिवशी फक्त चाकाला चाक.

घाटाची_हाक :
त्याला विचारतो. येईल असं वाटत नाही, पण विचारतो.